चिखलातल्या पाहुण्याची शहानिशा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी जो बंधारा उभारला गेला, तो उभारणाऱ्यांच्या मनात पक्ष्यांचा विचार यत्किंचितही नसावा. अवर्षणाने गांजलेल्या निफाड-कोपरगावकडील शेतीला कालव्यांनी पाणी पोचवावे, एवढाच त्या खटाटोपाचा हेतू होता. परंतु नदीला अडविले म्हणजे पाण्याबरोबर तिचा गाळही अडतो, आणि वर्षानुवर्षे साचलेल्या या गाळामुळे नांदूर-मध्यमेश्वरचा जलाशय इतका उथळ झाला, की वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून आवर्तन सुटले म्हणजे तो भरावा आणि कालव्यांतून पाणी निघून गेले म्हणजे त्याच्या पोटातली बेटे व चिखलाचे पट्टे उघडे पडावेत, हा त्याचा नित्यक्रम होऊन बसला. अभियंत्याच्या लेखी गाळ हा धरणाचा रोग. सैबेरियाच्या दलदलींतून उपाशीपोटी उतरलेल्या पक्ष्याच्या लेखी त्या गाळातले किडे आणि अळ्या हाच साऱ्या प्रवासाचा उद्देश.

या चिखलाची महती आता सरकारदरबारीही रुजू झाली आहे. १९८६ साली सुमारे १०० चौरस किलोमीटरचा टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०१९ मध्ये नांदूर-मध्यमेश्वर हे रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत दाखल होणारे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण ठरले. लोणार आणि ठाण्याची खाडी यांचा क्रमांक त्यानंतरचा. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी चापडगावला जाणारा पाहुणा, मुले आणि शिदोरी मोटारीतून उतरवता उतरवताच पहिला प्रश्न करतो तो संख्येचा: येथे पक्ष्यांच्या जाती किती? त्याला अडीचशेच्या आसपासचा एखादा आकडा मिळतो, आणि तो संतुष्ट होतो. त्या आकड्यात खोट आहे असे सुचविण्याचा माझा मानस नाही. परंतु कोणत्याही प्रादेशिक पक्षीसूचीत पहिली दोनशे नावे ही गावात कायम राहणाऱ्या कुटुंबांसारखी असतात, त्यांच्या अस्तित्वाविषयी वाद संभवत नाही. खरा प्रश्न असतो तो शेपटाकडच्या दहा-वीस नावांचा, जी एकदाच, एकाच इसमास, एकाच सकाळी दिसली आणि पुढे कधीच दिसली नाहीत. ती नावे सूचीत कोणी घातली, कशाच्या आधारावर घातली, आणि आज तो आधार तपासता येतो काय, हे विचारणारा पाहुणा अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही.

जमिनीच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या कामाचे स्वरूप चटकन उमगेल. खरेदीखत झाले म्हणून सातबाऱ्यावर लागलीच नाव चढत नाही. तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद धरतो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच नवे नाव उताऱ्यात उमटते. दुर्मिळ पक्ष्याची नोंद हाही एक फेरफारच आहे. भेद इतकाच, की या फेरफारास हरकत घेण्याचा खरा अधिकार ज्याला आहे, तो पन्नास वर्षांनंतरचा अभ्यासक, आज नोटीस बजावण्यासाठी हजर नसतो. पक्षी तर त्याच सायंकाळी मुलूख सोडून गेलेला असतो. म्हणून नोंद पडताळणाऱ्याने त्या गैरहजर अभ्यासकाच्या वतीने हरकती उपस्थित करावयाच्या, आणि पाहणाऱ्याने, तो कितीही सत्यवचनी असला तरी, त्या हरकतींना उत्तरे द्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

पाणथळीच्या काठाने चिखलात वावरणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत या हरकती विशेष कडक असाव्या लागतात, आणि त्याची कारणे त्या पक्ष्यांच्या देहधर्मातच आहेत. टिलवे, तुतवार, चिखले, पाणलावे ही मंडळी उत्तरेत वीण उरकून आपल्याकडे येतात, ती विणीच्या हंगामातला तांबूस-सोनेरी साज उतरवून, किंवा उतरवीत उतरवीत. जुलैच्या अखेरीस पहिले हिरवे तुतवार डबक्यांवर दिसू लागतात; ऑगस्टात प्रौढ पक्ष्यांची वर्दळ वाढते, त्यांच्या अंगावर जुनी झिजलेली आणि नवी करडी पिसे एकाच वेळी असतात; त्यांच्यामागून येतात ती त्याच वर्षी जन्मलेली पिले, ज्यांच्या प्रत्येक पिसाला फिकी कड आहे अशी कोरी करकरीत वस्त्रे ल्यालेली. नोव्हेंबरपर्यंत त्या कडा झिजतात, आणि मग थोरले-धाकटे सगळे एकाच मळकट राखी रंगाचे होऊन जातात. अर्थात एकाच जातीचा पक्षी ऑगस्ट, नोव्हेंबर आणि एप्रिल या तीन महिन्यांत तीन निराळ्या जातींचा भासू शकतो, आणि उलटपक्षी जानेवारीत तीन निराळ्या जाती एकच भासू शकतात. रंग हा पुरावा म्हणून दुबळा ठरतो. उरतात ती अंगाची ठेवण, चोचीची लांबी व वाक, पाय, पंखांखालचा भाग, आणि आवाज.

तरीही या राखी समूहात निसर्गाने ठिकठिकाणी खुणा ठेवल्या आहेत, आणि त्या हेरण्यात जाणकारांना जो आनंद होतो तो एखाद्या हस्तलिखिताचा काळ अक्षराच्या वळणावरून ठरविणाऱ्या पंडिताच्या आनंदाहून वेगळा नसतो. हिरवा तुतवार आणि ठिपकेदार तुतवार जमिनीवर सारखे दिसले तरी उडताना पहिल्याच्या पंखांची खालची बाजू काळपट आणि दुसऱ्याची फिकी असते. करड्या चिखल्याने पंख उचलले की काखेत काळा डाग दिसतो, आणि सोनचिखल्याच्या काखेत तो नसतो. मग पाठीवर सोने आहे की रुपे, हा वाद घालण्याचे प्रयोजन उरत नाही. परंतु ही खूण उडण्याच्या त्या दोन क्षणांतच दिसते, आणि त्या दोन क्षणांत निरीक्षक बहुधा दुर्बिणीची काच पुसत असतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. समजा, जानेवारीतल्या एका सकाळी बंधाऱ्याच्या मागच्या पाणथळीत एका तरुण पक्षीनिरीक्षकास पिवळट पायांचा एक चिमुकला टिलवा दिसला, आणि त्याने घरी येऊन 'लांब बोटांचा टिलवा' अशी नोंद केली. या पक्ष्याची वीण सैबेरियात होते आणि हिवाळा बहुतांशी पूर्व भारतापासून आग्नेय आशियापर्यंत जातो. पश्चिम भारतात, त्यातही दख्खनच्या पठारावर, त्याचे आगमन विरळच. नोंद पडताळणारा प्रथम काय करतो? तो त्या पक्ष्याचा विचारच करीत नाही. तो त्याच्या भाऊबंदांचा विचार करतो, कारण दुर्मिळाचा दावा सिद्ध होण्यासाठी सामान्याचा दावा आधी निकालात निघावा लागतो. नांदूरला रोज शेकड्यांनी दिसणारा छोटा टिलवा काळ्या पायांचा. पण त्याच्या पायांना वाळलेला फिका चिखल लागला आणि ऊन तिरपे पडले, तर ते पाय पिवळे दिसणारच नाहीत असे कोण सांगेल? दुसरा उमेदवार टेमिंकचा टिलवा. याचे पाय मुळातच पिवळसर-हिरवट असतात. म्हणजे पिवळे पाय सांगून लांब बोटांच्या टिलव्याचा पक्ष सिद्ध होत नाही, फार तर छोट्या टिलव्याचा पक्ष लंगडा पडतो.

म्हणून प्रश्न येतात ते असे. पाठ कशी होती? टेमिंकच्या टिलव्याची पाठ एकरंगी, धुरकट. लांब बोटांच्या टिलव्याच्या पाठीवर मात्र गडद मध्याच्या पिसांची ठसठशीत नक्षी, इतकी की तो ठिपकेदार तुतवाराची बालप्रतिमा वाटावा. छातीवर रेघा होत्या की सलग करडी छटा? कपाळाचा गडद रंग चोचीपर्यंत उतरला होता काय? खालच्या चोचीचे मूळ फिके होते काय? पक्षी अंग चोरून, दबकत चरत होता, की मान उंच करून थांबत होता? उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या असतील तर प्रकरण टेमिंककडे झुकते. बोटे शेपटीच्या पलीकडे डोकावली असतील तर लांब बोटांच्या टिलव्याकडे. तो ओरडला काय, आणि कसा? टेमिंकचा टिलवा उठताना बारीक घंटी वाजल्यागत लांबलेली तिर्र अशी लकेर देतो. दुसऱ्याचा आवाज त्याहून खालच्या पट्टीतला आणि तोकडा. शेजारी कोणते पक्षी होते, त्यांच्या मानाने हा लहान की मोठा? अंतर किती, सूर्य कोणत्या बाजूस, स्कोप होता की नुसती दुर्बीण, आणि एकंदर किती वेळ पक्षी दृष्टीस होता?

या जबानीत एक गोष्ट फार मोलाची मानली जाते, आणि नवख्यांना तिचे मोल उशिरा कळते: वर्णन पुस्तक उघडण्यापूर्वी लिहिलेले होते की नंतर? एकदा चित्र पाहिले की स्मृती त्या चित्राच्या आज्ञेत वागू लागते, आणि जे दिसले नाही तेही दिसले होते असे माणूस पूर्ण प्रामाणिकपणे सांगू लागतो. चिखलातच उभे राहून वहीत ओढलेले चार वेडेवाकडे फराटे, त्यांच्याजवळ 'पाय पिवळे? चिखल? पुन्हा पाहणे' असा शेरा, हे घरी आल्यावर लिहिलेल्या दोन पृष्ठांच्या सुबक निबंधाहून अधिक विश्वासार्ह असते. शंका लिहून ठेवणारा साक्षीदार पडताळणाऱ्याला आवडतो. ज्याच्या वर्णनात पुस्तकातली प्रत्येक खूण न चुकता हजर आहे, त्याच्याविषयी त्याचे मन किंचित कचरते.

अर्थात पुराव्याचे वजन दाव्याच्या वजनानुसार ठरते. करडा चिखल्या हा किनाऱ्यावरचा नेहमीचा पाहुणा. तो वाट वाकडी करून गोदाकाठी उतरला, तर काखेतल्या काळ्या डागाचा नीट उल्लेख आणि तारीख एवढ्यावर नोंद मंजूर व्हावी. लाल मानेचा फॅलरोप अरबी समुद्रावर हिवाळा काढतो आणि जाता-येता अंतर्भागातल्या जलाशयावर क्वचित विसावतो. पाण्यावर भिंगरीसारखा गरगर फिरत चरण्याची त्याची लकब एकदा पाहिली की गल्लत होणे कठीण. परंतु कोणी चमच्या-चोचीचा टिलवा पाहिल्याचे सांगितले, जो चुकोत्काच्या किनाऱ्यावर वीण करतो, ज्याचे हिवाळी मुक्काम म्यानमार आणि बांगलादेशाच्या चिखलात आहेत आणि जो पृथ्वीवरून नष्ट होण्याच्या बेतात आहे, तर चोचीच्या टोकाला चिखलाचा गोळा चिकटलेला साधा टिलवा दुरून नेमका असाच दिसू शकतो, ही हरकत प्रथम निकालात काढावी लागेल.

आता छायाचित्रे आहेत, मग ही सारी उलटतपासणी कशाला, असे कोणी विचारील. छायाचित्राने काम पुष्कळ सुकर केले हे निर्विवाद. पूर्वी बंदुकीशिवाय जी गोष्ट सिद्ध होत नसे ती आता पक्ष्याचे पीसही न दुखविता सिद्ध होते. परंतु छायाचित्र हा बोलका साक्षीदार असला तरी तो त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो असे नाही. चोच किंचित आपल्याकडे वळलेली असली की लांब चोच आखूड दिसते. सकाळच्या सोनेरी प्रकाशात राखी पाठ तांबूस होते. कॅमेऱ्यातील घड्याळ चुकीचे असले की मार्चचा पक्षी सप्टेंबरात जाऊन बसतो. भिगवणला काढलेली छायाचित्रे आणि नांदूरला काढलेली छायाचित्रे एकाच पेटीत राहिली, की महिन्याभराने त्यांची सरमिसळ होते, आणि त्यात लबाडी नसून केवळ अव्यवस्था असते. अलीकडे यात एका नव्या उपद्रवाची भर पडली आहे: धूसर छायाचित्र 'स्वच्छ' करून देणारी यंत्रबुद्धीची साधने पक्ष्याच्या अंगावर नसलेली पिसेही मोठ्या कौशल्याने भरून देतात. ज्या पिसांच्या रेघांवर जातीचा निर्णय अवलंबून, त्याच रेघा यंत्राने कल्पिलेल्या असतील, तर ते छायाचित्र नसल्याहून वाईट. म्हणून मूळ छायाचित्र, कितीही बिघडलेले असो, जसेच्या तसे जपावे, असे पडताळणारे आग्रहाने सांगतात.

पुरावा तपासणे म्हणजे साक्षीदारावर अविश्वास दाखविणे, असा आपल्याकडे एक समज आहे. आणि साक्षीदार जितका मोठा तितका तो अपमान गंभीर मानला जातो. या समजाची किंमत आपल्याच शेजारच्या खानदेशाने चुकविली आहे. ती कथा पाणथळीच्या पक्ष्याची नाही, घुबडकुळातल्या वनपिंगळ्याची आहे, तरी या विषयाशी तिचा संबंध फार जवळचा असल्यामुळे ती थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे.

१८७० ते १८९० या दोन दशकांत इंग्रज अंमलदारांमध्ये पक्ष्यांचे नमुने गोळा करणारी एक पिढीच होती. ॲलन ह्यूम यांचे 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक त्यांचे जणू दप्तर होते. जेम्स डेव्हिडसन हे त्यांतलेच एक मुलकी अधिकारी. १८७८ मध्ये वेंडन यांच्यासह त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची एक कच्ची सूची त्या नियतकालिकात छापली, आणि पुढे पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांवरही लिहिले. शहादा-तळोदे भागात त्यांनी वनपिंगळ्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीचा नमुना कोणास मिळाला नाही, एक अपवाद वगळता: रिचर्ड माइनर्ट्झहागन या सेनाधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे आपण तो मिळविल्याचे नोंदविले होते. माइनर्ट्झहागन हे कर्नल, युद्धातले नामांकित, हजारो पक्षीचर्मांच्या संग्रहाचे धनी आणि पक्षीशास्त्रातले दबदब्याचे नाव. त्यांची कैफियत मागण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. आणि सर्वांत अलीकडची नोंद तीच असल्यामुळे पक्ष्याचा शोध घेणाऱ्यांची पावले भलत्याच दिशेला वळत राहिली.

स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची शहानिशा आरंभिली, तेव्हा तो पक्षी मेल्याला शंभराहून अधिक वर्षे झाली होती, तरी तो बोलला. क्ष-किरणांखाली आणि शिवणीच्या बारीक तपासणीत असे दिसून आले, की ते चर्म एकदा भरून, पुन्हा उसवून, नव्याने भरलेले आहे, आणि मूळची धाटणी डेव्हिडसन यांच्या हातची आहे. म्हणजे खानदेशात मिळविलेला डेव्हिडसनांचा नमुना ब्रिटिश म्युझियमातून उचलून, त्यावर नवे स्थळ आणि नवी तारीख चिकटविण्यात आली होती. ती खोटी नोंद बाजूला सारताच शोधाचा नकाशा बदलला; रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, अस्सल नोंदींचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, ११३ वर्षांनंतर, वनपिंगळा जिवंत पाहिला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी या लबाडीचा साद्यंत तपशील १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डेव्हिडसन यांनी चिठ्ठीवर गावाचे नाव आणि तारीख नीट लिहिली होती, एवढ्या एका कारकुनी सद्गुणाने अखेर कर्नलसाहेबांवर मात केली, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

इंग्लंडातही असाच एक फैसला १९६२ साली झाला. हेस्टिंग्ज परिसरातून १८९२ ते १९३० या काळात जॉर्ज ब्रिस्टो या पक्षी भरणाऱ्या व्यावसायिकाच्या हातून दुर्मिळ पक्ष्यांचे इतके नमुने आले होते, की संख्याशास्त्राने त्यांवर बोट ठेवले. 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकाने ते प्रकरण उघडकीस आणले आणि २९ जाती-उपजाती देशाच्या सूचीतून रद्दबातल झाल्या. पुढे यांतल्या बहुतेक जाती खऱ्याखुऱ्या नोंदींनी सूचीत परत आल्या, हा त्या कथेतला उपभाग मला अधिक बोलका वाटतो. पक्षी तेथे येऊ शकत होता हे खरे, पण तो आला होता याचा पुरावा खोटा होता. आणि सूचीला दुसऱ्याच गोष्टीशी कर्तव्य असते.

याचा नाशिकशी संबंध असा. अभयारण्यातले स्थानिक मार्गदर्शक, बहुतेक आसपासच्या गावांतले शेतकरी-मच्छीमारांच्या घरचे तरुण, वर्षाचे सारे ऋतू त्या पाण्यावर काढतात. कोणत्या बेटावर पाणी उतरले, टिलवे आज कोणत्या काठाला आहेत, हे त्यांना मुंबई-पुण्याच्या पाहुण्यापेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांपैकी एकाने पाय, पाठ, आवाज, वेळ आणि उजेड यांसह दिलेले वर्णन हे एखाद्या नामवंताच्या 'मी खात्रीने सांगतो' या वाक्यापेक्षा सूचीच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे; कारण पहिले तपासता येते आणि दुसरे केवळ मान्य करता येते. दुर्दैवाने व्यवहारात पुष्कळदा याच्या उलट घडते. नामवंताची नोंद हातोहात मंजूर होते, आणि गावच्या तरुणास 'छायाचित्र आहे काय?' या प्रश्नाने गप्प केले जाते.

आज हा पडताळणीचा व्यवहार मुख्यत्वे ई-बर्ड या जागतिक नोंदसंचामार्फत चालतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने ऑड्युबॉन संस्थेच्या साहाय्याने तो २००२ साली सुरू केला, आणि भारतातही तो आता घरोघर पोचला आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी किंवा तत्सम प्रदेशासाठी, प्रत्येक महिन्याकरिता, कोणती जात किती संख्येपर्यंत अपेक्षित आहे याची मर्यादा स्थानिक जाणकारांकडून ठरविली जाते. ती ओलांडली की नोंद करणाऱ्यास तपशील मागितला जातो आणि ती नोंद विनावेतन काम करणाऱ्या एखाद्या पडताळणाऱ्याच्या पुढ्यात येते. नोंद नामंजूर झाली तरी ती पाहणाऱ्याच्या व्यक्तिगत यादीतून पुसली जात नाही. ती फक्त सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीत धरली जात नाही. हा भेद समजून न घेतल्यामुळे मोठमोठी माणसे रुसतात, 'आम्ही काय खोटे बोलतो?' असे पत्र पाठवितात, आणि दहा वर्षांची मैत्री एका टिलव्यावरून संपते. नामंजुरीचा अर्थ 'तुम्ही पाहिले नाही' असा नसून 'तुम्ही पाहिले ते आम्हांस येथून दिसत नाही' असा आहे, हे सौम्य शब्दांत कळविण्याची कला मात्र सर्वच पडताळणाऱ्यांना साधते असे म्हणता येणार नाही.

बरे, मंजूर झालेली नोंद तरी कायमची का? तसेही नाही. हुमायुन अब्दुलअली यांनी महाराष्ट्रातील पक्ष्यांची जी सूची केली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जिची दुसरी आवृत्ती १९८१ मध्ये काढली, तिच्यातली कित्येक नावे आज निराळ्या वर्गीकरणाखाली गेली आहेत. छोटा वाळू-चिखल्या म्हणून ज्याला सारे ओळखत, त्याचे अलीकडे दोन जातींत विभाजन झाले: आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारा तिबेटी, आणि पूर्व आशिया-ऑस्ट्रेलियाकडे जाणारा सैबेरियाई. पूर्वी ज्यांनी नुसते 'छोटा वाळू-चिखल्या, १' एवढेच लिहून ठेवले, त्यांच्या नोंदीला आता प्रदेशावरून तर्काने नाव द्यावे लागते. ज्यांनी कपाळाच्या पट्ट्याचे आणि छातीच्या रंगाचे दोन शब्द लिहिले होते, त्यांची नोंद आपल्या पायांवर उभी राहते. २०१६ साली प्रवीण जे., राजा जयपाल आणि आशीष पित्ती यांनी 'इंडियन बर्ड्स' मध्ये भारतातील १२६३ जातींची जी सूची प्रसिद्ध केली, तिच्या मागे अशी शेकडो जुनी प्रकरणे उकरून, नमुना कोठे आहे, छायाचित्र छापले आहे काय, वर्णन पुरेसे आहे काय, याची रुजवात घालण्याचे काम होते. पुरावा न मिळालेली नावे वगळली गेली, आणि त्यांतली काही फार जुन्या व आदरणीय ग्रंथांतून आलेली होती.

जिल्ह्याच्या सूचीला एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा एक व्यवहारी प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बंधाऱ्याच्याच पाण्यात आहे. कोणत्या महिन्यात पाणी किती उतरवावे, कोणते बेट उघडे राहू द्यावे, ऊस आणि द्राक्षांच्या शेतांतून येणाऱ्या निचऱ्याने चिखलातल्या जीवसृष्टीवर काय परिणाम झाला, याविषयी उद्या पाटबंधारे खात्याशी वा न्यायासनापुढे बोलावे लागले, तर हाती असलेले दप्तर म्हणजे हीच सूची. तिच्यातले एक नाव समोरच्या वकिलाने खोटे ठरविले की उरलेली दोनशे खरी नावेही त्याच्या छायेखाली येतात. उत्साहाच्या भरात घातलेला एक चमच्या-चोचीचा टिलवा दहा हजार साध्या टिलव्यांची साक्ष कमकुवत करू शकतो.

पाणलाव्यांचे प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण त्यात अद्याप कोणाचीच सरशी झालेली नाही. इगतपुरीच्या भातखाचरांत किंवा नांदूरच्या लव्हाळ्यांत पायाखालून फर्रकन उठून नागमोडी उडणारा तो तपकिरी पक्षी सामान्य पाणलावा असू शकतो, सूचिपुच्छ पाणलावा असू शकतो, आणि क्वचित स्विन्होचा पाणलावाही असू शकतो. पंखाच्या मागल्या कडेला स्पष्ट पांढरी किनार दिसली तर तो सामान्य, एवढे सांगता येते. ती नसली तर उरलेल्या दोघांतला निवाडा शेपटीच्या पिसांवर ठरतो: सामान्य पाणलाव्याला बहुधा चौदा पिसे, स्विन्होच्याला वीसच्या आसपास, आणि सूचिपुच्छाला साधारण सव्वीस, ज्यांतली कडेची टाचणीइतकी बारीक असतात. शिकारीच्या काळात मेलेला पक्षी हातात धरून ही पिसे मोजली जात. आता ती मोजण्याचा एकच सनदशीर मार्ग उरला आहे: पक्षी अंग झाडून, पंख ताणून, शेपटी पंख्यासारखी उघडतो त्या क्षणाची वाट पाहत लव्हाळ्याच्या आडोशाला बसून राहणे आणि त्या क्षणी छायाचित्र काढणे. बहुतेक वेळा तो क्षण येत नाही. अशा वेळी ई-बर्डवर 'सामान्य, सूचिपुच्छ अथवा स्विन्होचा पाणलावा' अशी एक संयुक्त नोंद करण्याची मुभा आहे. नवशिके तिच्याकडे कमीपणा समजून पाहतात. मुरलेल्या निरीक्षकांच्या नाशिक जिल्ह्याच्या याद्या चाळल्या, तर ती हिवाळाभर पानोपानी आढळते.